पहिले ठराव, मंग दे

माझ्या घराची पुढची खोली मी पुष्कळ जणांना भाड्याने दिली. एक शिंपी झाला, एक क्लासवाला झाला, एक जण तर नुसतं टेबल टाकून बसायचा, काय धंदा करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. यातल्या कोणाची आठवण काढावी असं मला वाटत नाही. नानांची काढते, कारण तसा विचित्र माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तसा चांगला माणूसही क्वचितच पाहिला.

नानांचं कार्डं दुरुस्त करायचं दुकान होतं. कार्ड म्हणजे यंत्राच्या पोटात असते ती हिरवी पाटी. वजनकाट्याची, मोटारीच्या स्टार्टरची, फवारणी पंपाची. हंगामात धरणगावचे कापूसवाले काटे घेऊन जळगावला यायचे आणि माझ्या ओट्यावर बसून राहायचे. ओटा मी रोज सारवल्यासारखा स्वच्छ ठेवायची, त्यावर ते थुंकायचे. तो राग वेगळा. पण नानांना मी पहिल्याच आठवड्यात बाहेर काढणार होते ते दुसऱ्याच कारणाने.

मी सहज आत डोकावले तर हा माणूस एका लोखंडी पेटीतून निघालेल्या दोन तारा, एक लाल आणि एक काळी, मुद्दाम एकमेकींना लावत होता. बारीक ठिणगी उडाली. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, पण दोन तारा चिकटल्या की काय होतं ते सांगायला शाळा लागत नाही.

"ओ नाना, घर जाळता का माझं?"

"नाही अक्का. जळू नये म्हणून करतोय."

"तारा चिकटवून?"

"आपल्या हाताने चिकटवल्या तर भीती नाही. कार्डात आपल्याला न सांगता चिकटलेल्या असतात ना, त्यांची भीती. बसा."

मी भांडायला आले होते, बसायला नव्हते. तरी त्यांनी स्टूल पुढे केलं आणि मला पेटी समजावून सांगितली. भाडेकरूने घरमालकिणीला असं समोर बसवून शिकवणं मला तेव्हा आगाऊपणाचंच वाटलं.

पेटीला ते पॉवर सप्लाय म्हणायचे. तिच्या तोंडावर दोन आकडे आणि दोन गोल बटणं. एक व्होल्टचं, एक करंटचं. व्होल्ट आपण ठरवायचे. करंट मात्र कार्ड आपलं आपण घेतं, लागेल तेवढा. चांगलं कार्ड थोडकाच घेतं. पण आत कुठे शॉर्ट असला तर ते मागतच सुटतं, आणि पेटी दांडगी असली तर देतच सुटते, मग दोघांच्या मध्ये कार्डाचा कोळसा. म्हणून नाना आधी दोन तारा एकमेकींना लावायचे. तारा चिकटल्या की पेटी जोर लावते, तेव्हाच करंटचं बटण फिरवून तिला सांगायचं, बाई, इथपर्यंतच. मग तारा सोडवून कार्डाला लावायच्या. कार्ड बरं असलं तर हिरवा दिवा. हावरं निघालं तर लाल दिवा लागतो, पेटी व्होल्ट खाली पाडते, पण ठरवलेल्या हद्दीपुढे जात नाही.

मी ते माझ्या परीने समजून घेतलं. पाहुण्यापुढे भाकरीची टोपली ठेवली म्हणून शहाणा पाहुणा टोपली संपवत नाही, भुकेएवढं खातो. पण पाहुणा कसा आहे ते माहीत नसेल तर टोपलीतच बेताने ठेवायचं. हे मी बोलून दाखवलं तर नाना एवढे खूश झाले की पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी टोपली सांगायचे. "पहिले ठराव, मंग दे," हे त्यांचं स्वतःचं वाक्य. ते शेपटासारखं मागे असायचंच.

या एका गोष्टीचं त्यांना वेड होतं. कोणतंही कार्ड येवो, कालच दुरुस्त करून दिलेलं परत येवो, तारा चिकटवून लिमिट लावल्याशिवाय त्याला वीज दाखवायची नाही. घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, "नाना, नुसती लावून बघा ना चालतंय का." नाना म्हणायचे, "तुमच्या घरी अनोळखी माणूस आला तर त्याला थेट देवघरात नेता का?" आणि दुरुस्त झालेलं कार्ड पहिला दिवस दुकानातच, पेटीवर, लिमिटमध्ये चालवायचं. मालक ओट्यावर बसून शिव्या देवो, नाहीतर पाया पडो. एका दिवसानंतर कार्ड त्याच्या हातात.

पेटीची सवय त्यांच्या अंगात उतरली होती. कोणी बोलायला आलं की आधी विचारायचे, "गोष्ट मोठी आहे की छोटी?" मोठी म्हटलं तर हातातलं काम बाजूला ठेवायचे, छोटी म्हटलं तर ठेवायचे नाहीत, आणि छोटी सांगतो म्हणून बसलेल्याची गोष्ट लांबली तर सरळ हात वर करायचे. त्यांच्या शेजारच्या टपरीवाल्याने एकदा बायकोची तक्रार छोटी म्हणून सुरू केली, ती तिच्या माहेरपर्यंत गेली. नानांनी हात वर केला. तो माणूस महिनाभर त्यांना चहा देत नव्हता.

कार्डातला कोणता भाग गरम होतो ते शोधायला नाना कार्ड वरच्या ओठाला लावायचे. ओठाला बोटापेक्षा लवकर कळतं म्हणे. व्होल्ट अगदी कमी असायचे, त्यामुळे भीती नव्हती, पण दिसायचं फार वाईट. ओट्यावरचे लोक म्हणायचे, "नाना, मुका घेऊन झाला असेल तर द्या आमचं कार्ड." नाना म्हणायचे, "तुम्ही घेतला असता तर बिघडलंच नसतं."

माझं दालमिलमधलं काम सुटलं तेव्हा मी त्यांच्याकडे बसायला लागले. आधी नुसती ब्रशने कार्डं साफ करायची. डाळीतले खडे निवडून माझी नजर तयार होती, जळका ठिपका मला त्यांच्याआधी दिसायचा. मग सोल्डरिंग शिकले. मग पेटी. पेटीला हात लावायची परवानगी मिळायला वेळ लागला. तारा चिकटवायला माझा हात कचरायचा आणि नाना म्हणायचे, "अक्का, पोराला आंघोळ घालताना पाण्यात आधी हात घालून बघता ना? तेच शे."

असा सगळ्याला हद्द घालणारा माणूस, पण दोन गोष्टींना त्याने हद्द घातली नाही. एक बिडी, दुसरी बडबड. सकाळी कुलूप उघडल्यापासून बोलायचे. गिऱ्हाईक नसलं तर माझ्याशी, मी नसले तर कार्डाशी. "तुले कोनी मारं रे?" असं आपल्या अहिराणीत विचारायचे जळक्या कार्डाला. मी आतून ओरडायची, "नाना, तोंडाला बटण नाही का?" ते म्हणायचे, "शे, पन सापडत नही."

मग घसा बसला. बसलेलाच राहिला. नाशिकला नेलं, गळ्याची गाठ निघाली, आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. परत आले तेव्हा गळ्याला भोक, त्यावर रुमाल, श्वास तिथूनच. हात कापायला लागले होते. बोलणं शून्य. मी त्यांना सांत्वनाचं काही बोलले नाही, मला जमत नाही. वजनकाट्याची तीन कार्डं त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "लोक रोज येऊन जातात." त्यांनी मान हलवली आणि स्टुलावर बसले.

काही दिवसांनी त्यांना डॉक्टरांनी एक यंत्र दिलं. टॉर्चसारखं, हातात मावणारं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते गुणगुणतं, आणि आपण तोंडाने शब्द केले की त्या गुणगुणीचे शब्द होतात. आवाज यंत्राचा, शब्द आपले. मोठ्याने बोलायचं असेल तर बाजूची चकती फिरवायची. गल्लीतली कुत्री पहिल्या दिवशी फार भुंकली. पोरं पळाली आणि मग रोज ऐकायला यायला लागली.

दुसरा कोणी असता तर बोलायला लागला असता. नानांनी पहिल्यांदा ते उघडलं. उघडून तारा लावल्या, आधी तारा चिकटवून लिमिट लावलंच, आणि आपला आवाज किती करंट खातो ते बघितलं. गप्प असले की आकडा जवळजवळ शून्य. "अक्का" म्हटलं की वर जायचा. ओरडले की दुप्पट. मला हाताला धरून दाखवलं.

"बघा," यंत्राने सांगितलं. "वरडनं तरी दुप्पट खर्च. शब्द तोच."

"हे आधी कळलं असतं तर माझे कान वाचले असते," मी म्हटलं.

ते हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, रुमाल तेवढा हलायचा.

त्यानंतर नाना कमी बोलायचे, पण जे बोलायचं ते बोलायचेच. आता जी गोष्ट सांगणार आहे ती त्यातलीच.

नानांची धाकटी बहीण धुळ्याला असते. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, ती तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. मुलीला अमळनेरहून स्थळ आलं. चांगलं घर, शेती, दुकान, मुलगा दिसायला बरा. भाची मुद्दाम जळगावला आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मामा, मला मुलगा नको असं नाही. पण लग्नानंतर ड्युटी सोडायची असेल तर मला ते आधी कळलं पाहिजे. आई विचारणार नाही. आई म्हणते स्थळ हातचं जाईल. तू विचार."

"विचारतो," यंत्र म्हणालं.

"पाहुण्यांसमोर. त्यांच्या तोंडून. मागाहून फोनवर नको."

"विचारतो म्हटलं ना."

बाप नाही म्हणजे बोलणी मामानेच करायची. बहिणीलाही ते मान्य होतं, फक्त तिला वाटत होतं भावाने पाहुण्यांसमोर जास्त बोलू नये. त्या आवाजाने लोक दचकतात हे खरंच होतं. ती म्हणाली, "भाऊ, तू नुसता बस, मान हलव, मी बोलीन."

पाहुणे यायच्या आधी नाना धुळ्याला जाऊन राहिले. आणि पाहुण्यांच्या आदल्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने परत माझ्या दारात. यंत्र टेबलावर ठेवलं. बटण दाबून दाखवलं. गप्प. उघडलं तर आतली बॅटरी फुगून पावासारखी झालेली.

"काय केलं हे?" मी विचारलं.

नानांनी पाठीवर पंप घेतल्याचं आणि हाताने फवारल्याचं सोंग केलं.

"फवारणी पंपाचा चार्जर?"

मान हलली. दोन्ही चार्जरची पिन सारखी. खान्देशात ज्याच्या घरी चार ओळी कपाशी आहे त्याच्या ओसरीत तो चार्जर लटकलेला असतो. पण पंपाचे व्होल्ट कुठे आणि या एवढ्याशा यंत्राचे कुठे.

"तुम्ही लावला?"

त्यांनी डोक्यावरून पदर घेतल्याचं दाखवलं. बहिणीने. सकाळी भावाला यंत्र भरलेलं मिळावं म्हणून रात्री तिने आपल्या हाताने लावून ठेवलं होतं. मग नानांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातातून काही पडल्याचं सोंग केलं. तिला सांगितलं होतं, माझ्याच हातून पडलं म्हणून. सांगितलं म्हणजे असंच, हातवारे करून. तिला आजही तेच माहीत आहे, आणि हे ती वाचणार नाही.

त्यांचे हात कापत होते, त्यामुळे काम मलाच करायचं होतं. मी तारा चिकटवल्या, लिमिट अगदी खाली लावलं, सोडवल्या, कार्डाला जोडल्या. लाल दिवा. व्होल्ट पार खाली. म्हणजे कार्डातही शॉर्ट.

नाना मागच्या पोत्यावर बसले. थोड्या वेळाने उठले आणि त्यांचा हात करंटच्या बटणाकडे गेला. मला कळलं काय करायचंय ते. काही घाईचे दुरुस्तीवाले असं करतात, करंट वाढवून देतात, म्हणजे शॉर्ट झालेला भाग जळून उडून जातो आणि कार्ड सुरू होतं. कधी होतं, कधी सगळं कार्डच जातं. नाना अशा लोकांना कसाई म्हणायचे. आज त्यांचाच हात तिकडे गेला होता.

मी त्या हातावर चापट मारली. चांगली लागली असणार.

"बसा खाली."

त्यांनी ओठांनी शब्द केला, "उद्या."

"उद्या आहे म्हणूनच. जळलं तर उद्या कशाने विचाराल? मानेने?"

ते बसले. मी कार्डावर ब्रशने स्पिरिट लावलं आणि लिमिट केसभर वाढवलं. सगळं कार्ड ओलं होतं. मग एका जागी स्पिरिट आधी वाळलं. खसखशीएवढा एक भाग, पिनच्या अगदी तोंडाशी, तोच गरम होत होता. नानांनी कार्ड घेऊन ओठाला लावलं आणि मान डोलावली. मी तो भाग उपसून काढला. पुन्हा तारा चिकटवल्या, लिमिट, जोडणी. हिरवा दिवा. बटण दाबलं, यंत्र गुणगुणलं. जास्तीचे व्होल्ट अडवणारा तो भाग म्हणजे दारातला राखणदार, तो मेला होता, आतलं घर शाबूत होतं.

नानांनी ते तारांसकट गळ्याला लावलं. पहिलं वाक्य काय बोलावं या माणसाने?

"चापट लई जोरात मारी."

"पुन्हा मारीन," मी म्हटलं.

राहिला प्रश्न बॅटरीचा. तशी बॅटरी जळगावात मिळाली नाही. मी म्हटलं, साधे सेल जोडून देते. नानांनी मानेनेच नको म्हटलं. सेलला लिमिट नसतं. नुकतं दुरुस्त झालेलं कार्ड, पहिलाच दिवस, राखणदार काढलेला, आणि धरायचं गळ्याशी. पहिल्या दिवसाचा नियम त्यांच्या स्वतःच्या कार्डालाही होता. त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं, मग एसटी स्टँडच्या दिशेने.

"ही पेटी? धुळ्याला? पाहुण्यांसमोर?"

"आनि तुमी," यंत्र म्हणालं. "मना हात हालतस."

पेटी जड होती. पारोळ्यापर्यंत माझ्या मांडीवर, पुढे नानांच्या. कंडक्टरने विचारलं यात काय आहे. मी म्हटलं, "यांचा आवाज." त्याने पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या बैठकीत टीपॉयवर लाडवाचं ताट, पोह्यांच्या बश्या आणि मधोमध आमची पेटी, लाल आकडे पेटलेले. पेटीतून दोन तारा निघून नानांच्या हातातल्या यंत्रात. शेजारी मी, बटणाला हात लावून. बहीण मला दारात गाठून म्हणाली होती, "अक्का, हे आत नाही का ठेवता येणार?" मी म्हटलं, "तार तेवढी लांब नाही." ते खरंच होतं.

पाहुणे तिघं आले. मुलगा, त्याचा बाप, त्याची आई. पेटी बघून बाप म्हणाला, "हे काय, बीपीचं मशीन का?"

"बोलायचं आहे," मी म्हटलं.

नानांनी नमस्कार केला आणि यंत्र गळ्याला लावून म्हणाले, "या. बसा." आईचा हात बशीवरच थांबला. मुलगा मात्र आकड्याकडे बघत होता, शब्दाबरोबर कसा वर जातो ते.

भाची पोहे देऊन गेली. शेतीचं बोलणं झालं, पावसाचं झालं, कोण कोणाचं कोण लागतं ते निघालं. नाना थांबले होते. मग म्हणाले, "एक विचारायचं होतं. मुलगी नर्स आहे. लग्नानंतर तिची ड्युटी चालू राहील ना?"

बाप हसला. "नाना, ते नंतर बघू की. आधी पोरांना एकमेकांना पसंत तर पडू द्या."

"नंतर म्हणजे कधी?"

"लग्न झाल्यावर. घरातल्या घरात ठरेल ते."

आई म्हणाली, "आमच्याकडे काय कमी आहे, तिला रात्री-अपरात्री जावं लागेल?"

बहीण घाईने म्हणाली, "हो हो, ते काय, ठरेल नंतर. लाडू घ्या ना."

नाना मुलाकडे वळले. "तुम्ही सांगा."

मुलाने बापाकडे बघितलं.

तेव्हा नानांनी चकती फिरवली. मोठ्याने बोलायला गेले, आणि पेटीवर लाल दिवा लागला. करंट हद्दीला टेकला, व्होल्ट पडले, आवाज खाली गेला. जात्यात काही अडकावं तशी नुसती घरघर आली. आई मागे सरकली. बहिणीने डोळे मिटले. नाना ओठ हलवत होते, शब्द निघत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

लिमिट मी लावलं होतं, मुद्दाम कमी. मी हाताची पालथी बाजू यंत्राला लावली. थंड होतं. तारा बघितल्या, त्याही थंड. म्हणजे कार्ड हावरं झालेलं नव्हतं, माणूस मोठ्याने बोलत होता एवढंच. मी बटण थोडं पुढे नेलं. हिरवा दिवा लागला.

"मंग नही," नाना म्हणाले, आणि बश्यांतल्या चमच्यांनाही ते ऐकू गेलं. "आते सांगा."

आकडा खाली आला.

मुलाच्या बापाने बशी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "आत्ताच सांगायचं तर मग नाही, नाना. आमच्या घरातल्या सुना ड्युटीला जात नाहीत."

"बरं झालं सांगितलं," नाना म्हणाले. यंत्र खाली ठेवलं, लाडवाचं ताट उचललं आणि तिघांपुढे फिरवलं. पाहुण्यांनी एकेक घेतला. चहा झाला. मुलगा उठताना पेटीपाशी क्षणभर थांबला, काही विचारणार होता, बापाने हाक मारली म्हणून गेला.

रिक्षा वळेपर्यंत बहीण दारात उभी होती. मग आत आली ती माझ्याकडेच.

"अक्का, तुम्ही ते बटण का वाढवलं? आवाज बसला होता तोच बरा होता. विषय तिथेच राहिला असता."

"हो, राहिला असता," मी म्हटलं.

"मग? तुमचं काय जात होतं? तुमची पोरगी आहे का? मी दोन वर्षं स्थळं बघतेय."

"माझी पोरगी नाही. विचारायला तिने यांना सांगितलं होतं, आणि यांना बोलायचं होतं. मी वाढवलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वाढवीन."

ती भावाकडे वळली, पण भाऊ यंत्र खाली ठेवून बसलेला. त्याला बोल लावून उपयोग नव्हता, उत्तर येणार नव्हतं. तेवढ्यात आतून भाची बाहेर आली. साडी बदलून पांढरा ड्रेस घातला होता, केस वर बांधले होते.

"आई, मी निघते. दुपारची ड्युटी आहे."

बहीण तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हिच्यावर ओरडणार. ती स्वयंपाकघरात गेली आणि डबा घेऊन आली. रोजची भाजी-पोळी केलेली नव्हती, सकाळपासून सगळं पाहुण्यांसाठीच चाललं होतं. तिने बैठकीतच बसून पोहे डब्यात भरले, वरच्या पुडात लाडू ठेवला आणि झाकण शोधायला लागली.

नानांनी मला खूण केली. मी पेटीचा स्विच दाबला. यंत्र गळ्याला लागलं.

"अजून लाडू घाल," ते बहिणीला म्हणाले. "तिच्या वॉर्डात सगळ्या जणी वाटून खातात."

बहीण डब्यावर वाकली. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही, मी तारा सोडवत होते.